‘म्हणून’ या शब्दावरचा खटला

साक्ष विश्वासार्ह आहे, झालेली मारहाण खरी आहे, परत गेल्यास जिवाला धोका आहे हेही मान्य. तरीही अर्ज फेटाळला. अमेरिकेतल्या आश्रय-खटल्यांची निकालपत्रे वाचू लागले की ही मांडणी पुन्हा पुन्हा समोर येते. एल साल्वादोर, होंडुरास, ग्वाटेमाला या देशांतून टोळ्यांच्या भीतीने पळून आलेल्या माणसांच्या बाबतीत तर फारच. ‘परत गेलास तर तुला मारतील का?’ एवढेच विचारून कायदा थांबत नाही. त्याचा पुढचा प्रश्न असतो, ‘कशामुळे मारतील?’ पहिल्या प्रश्नाला होकार मिळूनही माणूस दुसऱ्या प्रश्नावर हरतो.

या ‘कशामुळे’ला सत्तर वर्षांहून मोठा इतिहास आहे. तो कायद्याच्या पुस्तकांत कलमांच्या आणि खटल्यांच्या रूपात सापडतो. पण भाषांतराचे काम करणाऱ्याने तो वाचला, तर एका शब्दयोगी अव्ययाचा आणि एका विशेषणाचा इतिहास म्हणूनही तो दिसू लागतो.

*

जुलै १९५१. जिनिव्हात निर्वासितांविषयीच्या कराराचा मसुदा अंतिम करण्यासाठी देशोदेशींचे प्रतिनिधी जमले होते. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व आणि राजकीय मत या चार कारणांमुळे होणाऱ्या छळाची रास्त भीती ज्याला वाटते तो निर्वासित, अशी व्याख्या तयार होती. स्वीडनचे प्रतिनिधी स्तुरे पेत्रेन यांनी पाचवे कारण सुचवले: विशिष्ट सामाजिक गटाचे सदस्यत्व. अशा गटांतले असल्यामुळे काही निर्वासितांचा छळ झाल्याचा अनुभव आहे आणि मसुद्यात त्यांची सोय नाही, एवढेच त्यांचे म्हणणे. दुरुस्ती फारशा चर्चेविना मंजूर झाली. गट म्हणजे काय, तो कोणी ओळखायचा, याविषयी कोणी काही लिहून ठेवले नाही.

कराराच्या इंग्रजी आणि फ्रेंच या दोन्ही संहिता अधिकृत आहेत. इंग्रजीत गटाला ‘पर्टिक्युलर’ हे विशेषण आहे, फ्रेंचमध्ये ‘सर्तँ’. मराठीत आणायचे तर एक ‘विशिष्ट’ होईल आणि दुसरे ‘अमुक एक’. ‘विशिष्ट’ म्हटले की रेघ मारून दाखवावी लागते. ‘अमुक एक’ म्हटले की बोट दाखवून भागते. त्या वेळी या फरकाने कोणाचे काही अडले नाही. पुढे अमेरिकेत याच विशेषणाचे भाववाचक नाम झाले, त्या नामाची कसोटी झाली आणि त्या कसोटीवर माणसे परत पाठवली जाऊ लागली.

भारताने हा करार केलेला नाही, १९६७चा त्याचा पूरक करारही नाही. तरी ज्यांच्यासाठी तो झाला त्या माणसांना द्यायला आपल्याकडे शब्द आहेत. फाळणीनंतर कल्याणजवळच्या छावणीत आलेल्या सिंधी कुटुंबांना मराठीने निर्वासित म्हटले, हिंदीत त्यांना शरणार्थी म्हणत. पहिल्या शब्दात माणसाला कोणीतरी हाकलले आहे. दुसऱ्यात तो दारात उभा राहून काही मागतो आहे. का हाकलले, हे दोन्ही शब्द विचारत नाहीत.

अमेरिका १९६८मध्ये पूरक करारात सामील झाली आणि १९८०च्या निर्वासित कायद्याने ही व्याख्या तिच्या देशी कायद्यात आली. कारणे तीच पाच.

*

पाचव्या कारणाचा अर्थ अमेरिकेत पहिल्यांदा नीट लावला गेला तो एका टॅक्सीचालकाच्या प्रकरणात. सान साल्वादोर शहरातल्या टॅक्सीचालकांच्या सहकारी संस्थेचा तो सदस्य. गनिमांनी पुकारलेल्या बंदमध्ये गाड्या उभ्या ठेवायला या संस्थेने नकार दिला. चालकांवर हल्ले झाले, काही मारले गेले, त्यालाही धमक्या आल्या. १९८५मध्ये इमिग्रेशन अपील मंडळाने ठरवले की सामाजिक गट म्हणजे अशा माणसांचा गट, ज्यांच्यातले समान वैशिष्ट्य बदलता येत नाही, किंवा ते त्यांच्या ओळखीशी अथवा सदसद्विवेकाशी इतके जोडलेले असते की ते बदलायला लावणे योग्य नाही. लिंग, रक्ताचे नाते, होऊन गेलेला अनुभव ही त्याची उदाहरणे.

व्याख्या उदार होती. टॅक्सीचालक मात्र हरला. धंदा बदलता येतो, असे मंडळ म्हणाले. त्याच्या आडनावाने ओळखली जाणारी ‘अकोस्टा कसोटी’ पुढे कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९३मध्ये आणि ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १९९९मध्ये आधाराला घेतली. हरलेल्या माणसाच्या नावावर इतरांचे आश्रय उभे राहिले.

इथे यंत्रणेची रचना सांगायला हवी, कारण पुढचे सगळे तिच्यावर अवलंबून आहे. अर्ज ऐकणारा इमिग्रेशन न्यायाधीश आणि त्याच्यावरचे अपील मंडळ हे दोघेही न्याय खात्याचे, म्हणजे सरकारचेच भाग. ॲटर्नी जनरल मंडळाचा निर्णय स्वतःकडे घेऊन फिरवू शकतो. मंडळाने नकार दिल्यावर ३० दिवसांत संघीय अपील न्यायालयात जाता येते, आणि तिथे पहिल्यांदा सरकारबाहेरचा न्यायाधीश कागद उघडतो. हेच न्यायिक पुनर्विलोकन. या प्रवासात सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क नाही.

*

ज्या टोळ्यांच्या भीतीने माणसे उत्तरेकडे पळाली, त्या मूळच्या लॉस एंजेलिसच्या. ‘अठरावी गल्ली’ ही टोळी तिथल्या मेक्सिकन वंशाच्या तरुणांमध्ये १९६०च्या दशकात सुरू झाली. ‘मारा साल्वात्रुचा’ १९८०च्या दशकात साल्वादोरच्या यादवीतून पळालेल्या कुटुंबांतल्या मुलांची. त्या यादवीत अमेरिका साल्वादोर सरकारच्या पाठीशी होती, आणि त्याच सरकारपासून पळालेल्यांना आश्रय मिळणे जवळपास अशक्य होते: १९८४मध्ये साल्वादोर आणि ग्वाटेमालाच्या अर्जदारांपैकी ३ टक्क्यांहून कमी लोकांना तो मिळाला. या भेदभावाविरुद्ध चर्चसंस्थांनी लढलेला दावा १९९१मध्ये मिटला आणि जुने अर्ज पुन्हा तपासायचे ठरले. पण तोवर एक पिढी कागदपत्रांविना, परक्या वस्तीत वाढली होती. १९९६च्या कायद्याने गुन्ह्यांसाठी हद्दपारीचा आवाका खूप वाढवला. विमाने भरून तरुण परत गेले, युद्धातून नुकत्याच उठलेल्या देशांत. त्यांच्याबरोबर टोळ्याही गेल्या.

‘मारा’ हा शब्द तिथल्या बोलीत आधीपासून होता. मित्रांचा घोळका, आपली मंडळी असा त्याचा घरगुती अर्थ. ‘काय मंडळी, निघायचं का?’ मधली मंडळी. त्या शब्दाचा अर्थ टोळी होत जाणे हा त्या देशांचा अलीकडचा इतिहासच आहे.

*

१६ जानेवारी १९९२ रोजी साल्वादोरच्या शांतता करारावर सह्या झाल्या. त्यानंतर सहाच दिवसांनी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ग्वाटेमालातल्या एका तरुणाच्या खटल्याचा निकाल दिला. त्यात टोळी नव्हती, गनीम होते. १९८७च्या जानेवारीअखेर दोन सशस्त्र, गणवेशातले गनीम चेहऱ्यावर रुमाल बांधून त्याच्या घरी आले आणि आमच्यात सामील हो म्हणाले. तो अठरा वर्षांचा होता. त्याने नकार दिला. विचार कर, आम्ही पुन्हा येऊ, असे सांगून ते गेले. दोन महिन्यांनी त्याने देश सोडला.

सहा विरुद्ध तीन मतांनी तो हरला. बहुमताचा निकाल न्यायमूर्ती स्कालिया यांनी लिहिला. गनिमांचा हेतू राजकीय असला म्हणून भागत नाही. ज्याचा छळ होतो त्याच्या राजकीय मतामुळे तो झाला पाहिजे, आणि छळणाऱ्याच्या मनात तेच होते याचा काहीतरी पुरावा दिला पाहिजे. न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांचे अल्पमत याच्या उलट होते: बंदूकधाऱ्याला ‘नाही’ म्हणणे, तटस्थ राहणे, हीसुद्धा राजकीय भूमिका असू शकते.

या निकालाने दोन दारे अरुंद केली. पहिले हेतूचे. दुसरे पुनर्विलोकनाचे: मंडळाचा निष्कर्ष उलटवायचा तर कोणत्याही समंजस माणसाला दुसरा निष्कर्ष काढताच येणार नाही इतका भक्कम पुरावा हवा, असे न्यायालय म्हणाले. १९९६मध्ये काँग्रेसने ही मोजपट्टी कायद्यातच घातली. २००५मध्ये आणखी एक अट आली: पाचपैकी एखादे कारण छळामागच्या मुख्य कारणांपैकी किमान एक असले पाहिजे.

गनिमांच्या जागी टोळी आली तेव्हा हा साचा तयारच होता. टोळी मुलांना ओढते ती आपले संख्याबळ वाढवायला, दुकानदाराला पिळते ती पैशासाठी. मग छळ ‘कशामुळे’? लोभामुळे. आणि लोभ पाच कारणांत नाही.

*

वकिलांनी पाचव्या कारणाचा आसरा घेतला. ‘टोळीत जायला नकार देणारे तरुण’ हा सामाजिक गट नाही का? नकार एकदा दिला की तो झालेला अनुभव, बदलता न येणारा. अकोस्टा कसोटीवर हे उतरायला हवे होते.

पण कसोटी बदलत होती. २००६मध्ये कोलंबियाच्या एका बेकरीवाल्याच्या प्रकरणात मंडळाने ‘सामाजिक दृश्यमानते’चा मुद्दा पुढे आणला. काली इथल्या अमली पदार्थांच्या टोळीची माहिती सरकारला देणाऱ्यांचा गट त्याने मांडला होता. खबर देणारा माणूस स्वभावतःच लपून राहतो, तेव्हा समाजाला असा गट दिसत नाही, असे मंडळ म्हणाले. ३० जुलै २००८ रोजी दोन निकाल एकाच दिवशी आले. एकात साल्वादोरची तीन भावंडे होती: सोळा वर्षांचे जुळे भाऊ आणि एकोणीस वर्षांची बहीण. मारा साल्वात्रुचाने भावांना मारले होते, बहिणीवर अत्याचाराची धमकी दिली होती. दुसऱ्यात होंडुरासचा एक मुलगा. दोन्ही प्रकरणांत गट पुरेसा रेखीव नाही आणि समाजाला दिसत नाही, असे ठरले. जिनिव्हातले ते विशेषण आता ‘रेखीवपणा’ या स्वतंत्र अटीचे रूप घेऊन उभे होते.

मंडळ आपल्या निकालांत अर्जदारांची नावे छापत नाही, फक्त आद्याक्षरे छापते. अपील न्यायालयात गेले की बहुधा पूर्ण नावच खटल्याचे शीर्षक होते. ज्यांच्यापासून लपायचे त्यांनाही वाचता येईल अशा नोंदवहीत नाव चढवावे, तेव्हा पुनर्विलोकनाचे दार उघडते. या लेखात मी नावे देत नाही ती म्हणूनच.

न्यायालयांनी हे सगळे मुकाट्याने घेतले नाही. शिकागोच्या सातव्या सर्किटमध्ये न्यायाधीश रिचर्ड पोझ्नर यांनी २००९मध्ये केनियातल्या मुंगिकी संघटनेतून फुटलेल्या माणसाच्या प्रकरणात दृश्यमानतेची अट निरर्थक ठरवली. ज्याच्या जिवावर कोणी उठले आहे तो दिसू नये म्हणूनच धडपडणार, असा त्यांचा साधा मुद्दा. त्याच वर्षी त्यांच्यापुढे साल्वादोरचा एक तरुण आला: चौदाव्या वर्षी टोळीत गेलेला, नंतर धर्माकडे वळून टोळी सोडलेला, अंगभर गोंदलेला. ‘टोळीचा माजी सदस्य’ ही ओळख बदलायचा एकच मार्ग आहे, पुन्हा टोळीत जाणे. आणि तो मार्ग कायदा कोणाला सुचवू शकत नाही, असे त्यांनी लिहिले. नवव्या सर्किटच्या मोठ्या पीठाने २०१३मध्ये, वडिलांच्या मारेकऱ्यांविरुद्ध उघड न्यायालयात साक्ष दिलेल्या साल्वादोरच्या तरुणीच्या बाबतीत, मंडळाने फेरविचार करावा असे सांगितले. साक्षीदारांच्या संरक्षणासाठी तिच्या देशाने कायदा केला होता. मग अशा साक्षीदारांना समाज ओळखत नाही असे कसे म्हणायचे?

पण अशा निकालांचा शेवट बहुतेक वेळा आश्रयात होत नाही, प्रकरण मंडळाकडे परत जाण्यात होतो. होंडुरासचा एक तरुण २००४मध्ये आला. टोळीने त्याला पळवून मारले होते. आठवड्यातून दोनतीनदा त्याच्यावर गोळ्या, दगड, भाले फेकले जात. तिसऱ्या सर्किटने त्याचे प्रकरण २००७मध्ये परत पाठवले. मंडळाने पुन्हा नाकारले. २०११मध्ये न्यायालयाने पुन्हा परत पाठवले आणि दृश्यमानतेची अट मंडळाच्या स्वतःच्याच जुन्या निकालांशी जुळत नाही असे सुनावले. फेब्रुवारी २०१४मध्ये मंडळाने त्याच प्रकरणात उत्तर दिले. ‘दृश्यमानता’ हा शब्द काढून ‘सामाजिक वेगळेपण’ हा शब्द घातला, डोळ्यांना दिसणे आम्हाला कधीच अभिप्रेत नव्हते असा खुलासा केला, आणि प्रकरण खालच्या न्यायाधीशाकडे धाडले. दहा वर्षांत एक शब्द बदलला होता.

*

या इतिहासातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा निकाल २०१५चा आहे, चौथ्या सर्किटचा. साल्वादोरमधल्या एका आईला टोळीने धमकावले, कारण मुलाला ती टोळीत जाऊ देत नव्हती. कुटुंब हा सामाजिक गट होऊ शकतो, हे मान्य होते. तरी मंडळाने आश्रय नाकारला. मंडळाच्या मते धमक्या नात्यामुळे नव्हत्या. तिने मुलाच्या भरतीला संमती दिली नाही, यामुळे होत्या.

दोन्ही वाक्ये मराठीत लिहून पाहिली की गंमत कळते. ‘ती त्याची आई म्हणून तिला धमकावले.’ ‘तिने नकार दिला म्हणून तिला धमकावले.’ मंडळाला ही दोन वेगळी कारणे वाटली. न्यायालयाने विचारले, की तिचाच नकार टोळीला का नडत होता? शेजारणीने नकार दिला असता तर टोळीला काय फरक पडला असता? तो आईचा नकार होता, त्या मुलावर तिचा अधिकार होता. कायद्यातल्या ‘मुळे’चा इतका आखूड अर्थ लावता येणार नाही, असे न्यायालयाने ठरवले आणि मंडळाचा निर्णय रद्द केला.

आपल्या ‘म्हणून’मध्ये हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. ‘आई म्हणून’ म्हणजे आई या नात्याने, आणि आई आहे या कारणानेही. माणूस काय आहे आणि त्याने काय केले, यांच्यात मराठी इथे भिंत घालत नाही. इंग्रजी कायद्याने ती घातली, मंडळाने ती वर्षानुवर्षे उंच केली, आणि चौथ्या सर्किटने त्या आईपुरते तिला दार पाडले.

*

भाषेचा प्रश्न इथे सोयीचा दाखला म्हणून येत नाही. तो पुनर्विलोकनाच्या गाभ्यातच आहे. अर्जदार स्पॅनिशमध्ये किंवा ग्वाटेमालातल्या एखाद्या माया भाषेत बोलतो, दुभाषी इंग्रजीत सांगतो, आणि लेखी नोंद होते ती इंग्रजीची. अपील न्यायालय नवा पुरावा घेत नाही. ते ही नोंद वाचते. म्हणजे घाईत निवडलेला दुभाष्याचा शब्द पुढच्या प्रत्येक पायरीवर ‘वस्तुस्थिती’ असतो.

साल्वादोरमध्ये टोळीच्या खंडणीला ‘रेंता’ म्हणतात, शब्दशः भाडे. होंडुरासमध्ये तिलाच ‘युद्धकर’ म्हणतात. आपला ‘हप्ता’ याच घरातला: ऐकायला कर्जफेड, भोगायला दहशत. समजा, एका बाईने सांगितले की मी ‘रेंता’ दिली नाही. दुभाष्याने भाडे म्हटले तर तो घरमालकाशी झालेला तंटा वाटेल. खंडणी म्हटले तर निव्वळ गुन्हा. ‘युद्धकर’ हा शब्द मात्र सांगतो की वस्तीवर राज्य कोणाचे चालते. जिथे टोळी कर बसवते, संचारबंदी लावते, ‘पाहा, ऐका, गप्प बसा’ हा दंडक घालते, तिथे तिला नकार देणे राजकीय मत नाही तर काय आहे? संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाने २०१०च्या मार्गदर्शक टिपणात हे मान्य केले होते, की टोळीला विरोध हे राजकीय मत ठरू शकते.

*

२०१८मध्ये ॲटर्नी जनरल जेफ सेशन्स यांनी घरगुती हिंसाचाराच्या एका प्रकरणात निर्णय देताना टोळ्यांच्या हिंसेवर आधारलेले दावेही साधारणपणे आश्रयास पात्र ठरणार नाहीत, असे लिहिले. पुढच्याच वर्षी विल्यम बार यांनी सर्वसामान्य कुटुंब हा सामाजिक गट मानायला हरकत घेतली. २०२१मध्ये मेरिक गार्लंड यांनी दोन्ही निर्णय रद्द केले. २०२५मध्ये पॅम बाँडी यांनी ते पुन्हा लागू केले. त्या आईसारखी दुसरी एखादी आई कोणत्या वर्षी सीमेवर पोचली, यावर तिच्या मातृत्वाचा कायदेशीर अर्थ ठरू लागला.

मधल्या काळात, जून २०२४मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने मासेमारी बोटींच्या एका खटल्यात चाळीस वर्षांची जुनी रीत मोडली: कायद्याचा अर्थ संदिग्ध असेल तेव्हा सरकारी खात्याचा अर्थ मानायचा, ही. आता अर्थ न्यायालयाने स्वतः लावायचा. त्यामुळे ‘विशिष्ट सामाजिक गट’ म्हणजे काय, यावर मंडळाच्या शब्दाला पूर्वीचे वजन राहायला नको. पण टोळीच्या मनात काय होते हा प्रश्न कायद्याचा नसून वस्तुस्थितीचा समजला जातो, आणि वस्तुस्थितीवर १९९६ची मोजपट्टी तशीच आहे. गटाचे दार किलकिले झाले, तरी ‘मुळे’चे दार जड आहे. पुढचे खटले तिथेच अडतील असे मला वाटते.

टॅक्सीचालकाला मंडळ म्हणाले, धंदा बदल. बेकरीवाल्याला म्हणाले, तुम्ही लपलेले आहात. जुळ्या भावांना म्हणाले, तुमच्या गटाला कडा नाहीत. आईला म्हणाले, हे तुझ्या नात्यामुळे नाही. यातल्या कोणालाही खोटे बोलता असे म्हणून परत लावले नव्हते. त्यांची भीती मानली गेली, पण तिचे कारण यादीत बसले नाही. जिनिव्हातल्या त्या प्रतिनिधीने पाचवे कारण जोडले ते यादीत न बसणाऱ्यांसाठी. त्याच्या शब्दांची अडचण अशी, की पुढे त्यांचीही यादी झाली. मंडळाने ‘नाही’ म्हटल्यापासून तिसाव्या दिवसापर्यंत कोणीतरी, बऱ्याचदा वकिलाविना, दुसऱ्याच्या भाषेत त्या यादीशी हुज्जत घालणारा कागद लिहीत असते. त्या कागदावर तिला एकच गोष्ट पटवून द्यायची असते: मी जी आहे, ती आहे म्हणून.